कोल्ह्याच्या ट्रॅपिंगचा नियम बदलून हवाय? अलास्कात प्रस्ताव कसा टाकायचा, अगदी क्रमाने

नियम चुकीचा आहे असं सांगणारे ट्रॅपर (फरसाठी सापळे लावून जनावरं धरणारे) मला दर हिवाळ्यात डझनभर भेटतात. नियम नेमका काय असायला हवा ते एका वाक्यात लिहून देणारे आजवर फार तर दोन-तीन भेटले असतील, आणि सगळं घोडं तिथंच अडतं. बोर्ड ऑफ गेम, म्हणजे शिकारीचे नि ट्रॅपिंगचे नियम ठरवणारं स्टेटचं मंडळ, मत देतं ते नियमाच्या मजकुरावर. तुमचं गाऱ्हाणं शंभर टक्के खरं असलं तरी मजकूर नसेल तर मताला टाकायला त्यांच्यापुढे काही नसतं.

मी फेअरबँक्सच्या बाहेर राहतो, माझी स्वतःची लाइन (सापळे लावत जायची वाट) छोटीशी आहे, पण इंग्रजी लिहायला जमतं आणि फॉर्म भरायचा कंटाळा नाही म्हणून आजूबाजूच्या लोकांचे प्रस्ताव लिहून द्यायचं काम आपोआप गळ्यात पडलं (गावाकडे तहसीलबाहेर अर्ज लिहून देणारे काका बसायचे ना, तसं). इथली मराठी मंडळी बोटांवर मोजण्याइतकी, पण त्यातल्याही काहींचे मेसेज येतात की नवऱ्याची लाइन आहे, शेजारच्या म्हाताऱ्याला मदत करायचीय, फॉर्ममध्ये काय लिहू. दरवेळी तेच टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवतो. ट्रॅपिंग चांगलं की वाईट हा वाद इथं नको, तो वेगळ्या दिवशी घालू.

शब्दाचा एक घोळ आधी मिटवतो. इथं कोल्हा म्हणजे लाल कोल्हा, आणि पार उत्तरेला नि पश्चिम किनाऱ्याला आर्क्टिक कोल्हा. आपल्याकडे ज्याला कोल्हा म्हणतात तो जॅकल, इथल्या फॉक्सचा खरा भाऊबंद म्हणजे आपलं खोकड. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली या जनावरांना धरणं गुन्हा आहे, त्यामुळे खालचं सगळं फक्त अलास्कापुरतं.

टप्पा १: दार कुठलं ते आधी ठरवा

सगळ्यात जास्त प्रस्ताव चुकीच्या दारात जाऊन पडतात. तलाठ्याकडचं काम घेऊन एसटी डेपोत उभं राहिल्यासारखं.

तुमची लाइन कुठल्या जमिनीवर आहे ते नकाशावर बघा. स्टेटचे सीझन, मर्यादा, सापळ्यांच्या पद्धती हे सगळं बोर्ड ऑफ गेम ठरवतं. त्यात ७ सभासद असतात, गव्हर्नर नेमतो, विधिमंडळ मान्यता देतं. पण अलास्काची जवळपास ६० टक्के जमीन फेडरल आहे, आणि तिथल्या ग्रामीण रहिवाशांच्या सब्सिस्टन्स (म्हणजे पोटापाण्यासाठीच्या शिकारीच्या) नियमांसाठी फेडरल सब्सिस्टन्स बोर्ड नावाचं वेगळंच बोर्ड आहे. त्याच्या खाली १० रीजनल कौन्सिलं, त्याचे फॉर्म वेगळे, त्याचं चक्र दोन वर्षांचं. शिवाय एखाद्या रेफ्युजची (फेडरल अभयारण्याची) स्वतःची अट असू शकते, उदाहरणार्थ केनाई नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्युजमध्ये ट्रॅपिंगला त्यांचं स्वतंत्र परमिट लागतं. त्या परमिटमधली अट खटकत असेल तर बोर्ड ऑफ गेमकडे कितीही डोकं आपटा, ती त्यांच्या हातात नाही.

शहराचे नियम हे आणखी एक दार. अँकरेजने २०१९ मध्ये शहराच्या पातळीवर ट्रेलपासून ५० यार्डांच्या आत सापळे लावायला बंदी घातली, ती स्टेटच्या पुस्तकात शोधत बसलात तर सापडायची नाही.

आणि प्रश्न तातडीचा असेल, म्हणजे या सीझनमध्येच जनावर झपाट्याने कमी झालंय असं दिसतंय, तर प्रस्तावाच्या भानगडीत पडू नका. फिश अँड गेम खात्याला इमर्जन्सी ऑर्डर काढून सीझन बंद किंवा सुरू करता येतो. तिथल्या एरिया बायोलॉजिस्टला सरळ फोन करा.

तपासा: जमीन कुणाची, नियम कुणाचा, बदलणारं कोण. ही तीन उत्तरं कागदावर लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही.

टप्पा २: नियम मुळातून वाचा, पुस्तिकेतून नाही

दुकानात लायसन्सबरोबर जी ट्रॅपिंगची पुस्तिका फुकट मिळते ती सारांश आहे. खिशात ठेवायला उत्तम, पण प्रस्तावात तिचं पान नंबर देऊन "हे बदला" लिहिलं की वाचणाऱ्याला लगेच कळतं की यानं खरा नियम उघडलेला नाही. खरा नियम अलास्का अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह कोडच्या पाचव्या टायटलमध्ये आहे, म्हणजे लिहिताना ५ एएसी आणि पुढे आकडा. कोल्ह्यासाठी तुम्हाला तीन आकडे लागतात:

८४.२७० मध्ये ट्रॅपिंगचे सीझन आणि मर्यादा, युनिटप्रमाणे.
९२.०९५ मध्ये पद्धती, म्हणजे कुठले सापळे आणि तारेचे फास चालत नाहीत, कुठं चालत नाहीत, वगैरे.
८५.०६० मध्ये हंटिंगचे सीझन.

हा तिसरा बघून लोक विचारतात की आपल्याला हंटिंगशी काय करायचंय. तर इथंच गंमत आहे. अलास्कात तोच कोल्हा दोन लायसन्सवर घेता येतो. ट्रॅपिंग लायसन्सवर तो फरबेअरर असतो, हंटिंग लायसन्सवर फर अ‍ॅनिमल, आणि दोन्हीकडचे सीझन नि मर्यादा वेगळ्या. बऱ्याच युनिटांत ट्रॅपिंगला मर्यादाच नाही आणि हंटिंगला मात्र १० कोल्हे. म्हणजे तुम्ही ट्रॅपिंगचा सीझन बदलून घेतलात तरी हंटिंगचा जिथल्या तिथं राहतो, आणि उलटंही. एका ओळखीच्याने लाइनच्या आसपास सप्टेंबरात कोल्हे मारले जातात म्हणून ट्रॅपिंगचा सीझन उशिरा सुरू करा असा प्रस्ताव लिहून आणला होता. सप्टेंबरात तिथं ट्रॅपिंग उघडलेलंच नव्हतं, ती सगळी बंदुकीची शिकार होती. स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेत होता, टाकण्याआधी दाखवला म्हणून वाचला.

पूर्ण राज्यात २६ गेम मॅनेजमेंट युनिट आहेत, त्यातल्या काहींचे ए, बी, सी असे उपभाग. तुमची लाइन २०बी मध्ये असेल तर "युनिट २०" असं लिहू नका, कारण मग तुम्ही शेकडो मैलांवरच्या अनोळखी माणसाचाही नियम बदलायला निघालात, आणि तो माणूस विरोधात बोलायला येणारच.

तपासा: ज्या ओळीत बदल हवाय ती ओळ अक्षर न अक्षर कॉपी करून एका फाइलमध्ये ठेवली का?

टप्पा ३: कॅलेंडर

माझा स्वतःचा पहिला प्रस्ताव इथंच मेला. लिहिला चांगला होता, आकडे होते, सह्या होत्या, फक्त माझ्या भागाची पाळी त्या वर्षी नव्हती. वरातीमागून घोडं, आणि वरात दोन वर्षांनी परत येणार होती.

बोर्ड राज्याला भागांत वाटून घेतं आणि प्रत्येक भागाचे नियम तीन वर्षांतून एकदा उघडतं. इंटीरियरची (राज्याच्या मधल्या भागाची) पाळी एका वर्षी, साउथसेंट्रलची दुसऱ्या, आणि सगळ्या राज्याला लागू असलेल्या नियमांची पाळी अजून वेगळी. ढोबळ क्रम असा:

हिवाळा संपता संपता बोर्ड प्रस्ताव मागवण्याची नोटीस काढतं, त्यात कुठले भाग आणि कुठले विषय उघडे आहेत ते असतं. प्रस्तावाची शेवटची तारीख साधारण १ मे च्या आसपास. मग उन्हाळ्यात सगळे प्रस्ताव नंबर लावून एका पुस्तकात छापतात. शरद ऋतूत आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला स्थानिक कमिट्या त्यावर बसतात. बैठका हिवाळ्यात, बहुतेक जानेवारी ते मार्च. मंजूर झालेला नियम सहसा पुढच्या १ जुलैपासून लागू.

म्हणजे एप्रिलमध्ये लिहिलेली ओळ खऱ्या सापळ्यापर्यंत पोचायला दीड वर्ष लागतं, तेही सगळं सुरळीत झालं तर. आजच्या नोव्हेंबरात राग आला म्हणून आज फॉर्म भरून या सीझनला काही होत नाही.

सावध: चक्राच्या बाहेर जायची एक खिडकी आहे, अजेंडा चेंज रिक्वेस्ट. पण ती उघडते तीनच कारणांसाठी: जनावराच्या संवर्धनाचा प्रश्न, नियमातली चूक, किंवा नियम करताना लक्षातच न आलेला परिणाम. "मला अजून दोन आठवडे हवेत" हे यातलं कुठलंच नाही. तरी लोक दरवर्षी त्या खिडकीत डोकं घालतात.

टप्पा ४: आकडे आणि नोंदी, लिहायला बसण्याआधी

कोल्ह्याची अडचण अशी की त्याच्याबद्दल आकडे कमी आहेत. लांडगा, वुल्व्हरीन, लिंक्स (एक रानमांजर) यांचं कातडं खात्याकडे नेऊन सील करून घ्यावं लागतं, त्यामुळे किती धरले, कुठं, कधी, याची नोंद आपोआप होते. कोल्ह्याला बहुतेक ठिकाणी असं सीलिंग नाही, आणि कोल्ह्यांची शिरगणतीही कोणी करत नाही. मग उरतं काय? खातं दरवर्षी ट्रॅपरांना एक प्रश्नावली पाठवतं आणि त्यावरून ट्रॅपर रिपोर्ट काढतं, त्यात भागाप्रमाणे कोण काय धरतंय, जनावर वाढतंय की घटतंय असं लोकांना वाटतं ते असतं. हा रिपोर्ट मागच्या चार-पाच वर्षांचा तरी वाचा. (आणि ती प्रश्नावली आली की भरा राव. चहाचा मग खाली ठेवायला वापरता आणि नंतर म्हणता डेटा नाही.)

दुसरं म्हणजे तुमची स्वतःची वही. तारीख, किती सेट (लावलेले सापळे), किती रात्री, किती कोल्हे, नर की मादी, कातड्याची प्रत. तीन हिवाळ्यांची अशी वही म्हणजे सोनं आहे, कारण बोर्डापुढे तसं काही घेऊन येणारा क्वचित असतो. "पूर्वीपेक्षा खूप दिसतात" आणि "२०० सापळा-रात्रींत (एक सापळा एक रात्र म्हणजे एक) मागच्या वर्षी अमुक, यंदा तमुक" या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. चढउताराचा काळ मात्र लक्षात घ्या. इंटीरियरमध्ये सशांची संख्या ८ ते ११ वर्षांच्या चक्रात वरखाली होते आणि सशावर जगणारी जनावरं त्याच्यामागून हलतात, तेव्हा एका चांगल्या वर्षावरून "कोल्हे खूप झालेत" म्हणालात तर बायोलॉजिस्ट हसत हसत तुमचा फुगा फोडतो.

तिसरं, विरोधातला मुद्दा आधी स्वतःच शोधा. समजा तुम्हाला सीझन फेब्रुवारीच्या पुढे मार्चच्या मध्यापर्यंत वाढवून हवाय. कोल्ह्यांचा मिलनाचा काळ साधारण फेब्रुवारी-मार्च, गाभण काळ ५२ दिवसांच्या आसपास, म्हणजे मार्चमध्ये धरलेली मादी गाभण असण्याची शक्यता बरीच. शिवाय हिवाळ्याच्या शेवटी लव घासली जाते, टोकाचे केस झडतात आणि कातड्याचा भाव पडतो. हे दोन प्रश्न बोर्डाच्या टेबलावरून येणार म्हणजे येणारच. उत्तर तयार नसेल तर वाढवून मागूच नका.

चांगलं उत्तर असतंही कधी कधी. सगळ्यात पटणारं कारण म्हणजे दुसऱ्याच जनावराच्या सापळ्यात अडकलेला कोल्हा. लिंक्सचा किंवा कायोटीचा सीझन चालू आहे, कोल्ह्याचा संपलाय, आणि फासात कोल्हा मरून पडलाय. आता तो राज्याचा, सोलून खात्याकडे जमा करायचा, ट्रॅपरला काही नाही आणि कोल्हाही गेलेलाच. तारखा जुळवल्या तर धरले जाणारे कोल्हे वाढत नाहीत, फक्त वाया जात नाहीत, असा तो युक्तिवाद. तो तुमच्या वहीतल्या आकड्यांनी दाखवता आला पाहिजे, नाहीतर समोरचा म्हणेल की मग फासच उचला की.

टप्पा ५: नियमाचं एक वाक्य लिहा

फॉर्म उघडायच्या आधी हे करा. कोरा कागद, वर आत्ताची ओळ, खाली तुम्हाला हवी ती ओळ. उदाहरण म्हणून, आणि हे काल्पनिक आहे, कुठल्या खऱ्या युनिटचं नाही:

आत्ता: अमुक युनिट, लाल कोल्हा, १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा शेवटचा दिवस, मर्यादा नाही.
हवं: अमुक युनिट, लाल कोल्हा, १ नोव्हेंबर ते १५ मार्च, मर्यादा नाही.

बस. एवढंच. यात "योग्य वेळी", "गरजेप्रमाणे", "स्थानिकांना सोयीचं होईल असं" यातलं काही येत नाही, कारण जंगलात उभ्या असलेल्या ट्रूपरला (स्टेटच्या पोलिसाला) ते वाचून चलन फाडायचं की नाही हे ठरवता आलं पाहिजे. ट्रूपरांचे लोक बैठकीत बसलेले असतात, आणि नियम अमलात आणता येणार नाही असं त्यांनी एकदा म्हटलं की प्रस्ताव तिथंच लंगडा होतो. आणि हो, फेब्रुवारीची तारीख असेल तर "२८" लिहू नका, "शेवटचा दिवस" लिहा, लीप वर्षाची कटकट नको.

एका प्रस्तावात एकच बदल. लोक काय करतात, सीझन वाढवा, सापळ्यावर नावाची पट्टी नको, अमुक ट्रेल उघडा, शेजारच्या युनिटमध्येही तेच करा, सगळं एकाच फॉर्ममध्ये कोंबतात. एक ना धड, भाराभर चिंध्या. बोर्डाला त्यातला एक मुद्दा पटत नाही आणि बाकीचे तीन त्याच्याबरोबर बुडतात. चार बदल हवेत तर चार फॉर्म भरा, फुकट आहेत.

तपासा: तुमचं वाक्य ट्रॅपिंगमधलं काहीच न कळणाऱ्या माणसाला वाचायला द्या आणि विचारा, १० मार्चला कोल्हा धरला तर चालेल का? त्याला उत्तर देता आलं नाही तर परत लिहा.

टप्पा ६: फॉर्म

हा टप्पा खरं तर सगळ्यात सोपा आहे, घाबरतात उगाच. कोणीही प्रस्ताव टाकू शकतो, वकील लागत नाही, संघटना लागत नाही. इंग्रजीत लिहायचा, ऑनलाइन जातो. नियमाचा आकडा टाकायचा, मग अडचण काय आणि का, मग तुम्हाला हवा तो मजकूर (तो कागदावर तयार आहेच), आणि हे ठरवताना कोणाशी बोललात, स्थानिक कमिटीशी चर्चा केली का.

अडचणीच्या रकान्यात दोन परिच्छेद पुरे. आजोबांपासून आमची लाइन आहे हे एका वाक्यात चालेल, दोन पानं नाही. ट्रेलवर कुत्रे फिरवणाऱ्यांना, खात्याला, शेजाऱ्याला शिव्या तर अजिबात नको, कारण हे जसंच्या तसं तुमच्या नावासकट पुस्तकात छापलं जातं आणि पुढची कित्येक वर्षं इंटरनेटवर राहतं.

सावध: शेवटच्या तारखेला मध्यरात्री टाकायचा बेत नको. आठवडाभर आधी टाका. बोर्डाच्या ऑफिसमधली माणसं मजकुरातली गडबड दिसली तर फोन करतात, पण त्यांना फोन करायला वेळ तरी ठेवा.

टप्पा ७: स्थानिक कमिटी, म्हणजे एसी

इथं सगळे तिला नुसतं एसी म्हणतात, अ‍ॅडव्हायझरी कमिटी. (उणे तीसमध्ये एसीच्या मीटिंगला जातोय असं मी घरी फोनवर सांगितलं तर आई म्हणाली, तिकडेही लागतो का रे एसी?) राज्यभर अशा ८० हून जास्त कमिट्या आहेत, गावातल्याच लोकांनी जाहीर सभेत निवडलेल्या, जास्तीत जास्त १५ सभासदांच्या. त्या प्रस्तावांवर मत घेतात, किती बाजूने किती विरोधात आणि का, ते लिहून बोर्डाला पाठवतात.

त्यांचं मत बोर्डावर बंधनकारक नाही, म्हणून लोक ही पायरी गाळतात, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. बोर्डाचा सभासद दुसऱ्या टोकाला राहतो, तुमची नदी त्याने पाहिलेली नाही. तुमच्या खोऱ्यात राहणाऱ्या बारा माणसांनी एकमताने हो म्हटलंय हे त्याला तुमच्या भाषणापेक्षा जास्त सांगतं. आणि स्थानिक कमिटीच विरोधात गेली, तर मग देव पाण्यात घालून बसा.

दोनदा जा. पहिल्यांदा प्रस्ताव टाकायच्या आधी, हिवाळ्यात, नुसता मसुदा घेऊन. तिथं कळतं की ज्या बदलाला तुम्ही निर्विवाद समजत होता त्याला लांब लाइनवाल्या जुन्या ट्रॅपरांचा विरोध आहे, कारण मार्चमध्ये रस्त्याकडेचे वीकेंडवाले वाढतील आणि स्नोमशीनचे (बर्फावरच्या स्कूटरचे) ट्रॅक त्यांच्या लाइनवर येतील. हो, ट्रॅपरांचा सगळ्यात कडवा विरोधक बरेचदा दुसरा ट्रॅपरच असतो. मसुदा कमिटीला पटला तर ती तो स्वतःच्या नावाने टाकू शकते, ते तर फारच उत्तम. दुसऱ्यांदा जा पुस्तक छापून आल्यावर, जेव्हा त्या नंबरवर मतदान होणार असेल तेव्हा.

शेजारच्या युनिटची कमिटी विसरू नका. हद्दीच्या दोन्ही बाजूंना तारखा वेगळ्या झाल्या की त्रास त्यांनाही होतो. अलास्का ट्रॅपर्स असोसिएशनलाही कळवून ठेवा, पाठिंबा देतील की नाही ते त्यांचं ते ठरवतील, पण बैठकीत त्यांच्या तोंडून पहिल्यांदा विरोध ऐकायची वेळ येऊ नये.

टप्पा ८: पुस्तक आलं, आता वाचा

तुमचा नंबर शोधा, मजकूर बरोबर छापलाय का बघा. मग तुमच्याच युनिटवरचे बाकीचे प्रस्ताव वाचा. तुमच्या बरोबर उलटा प्रस्ताव कोणी टाकला असेल, कोणी ट्रेलपासून अमुक यार्ड दूर सापळे लावायचे असा टाकला असेल. ट्रेलच्या अंतराचे प्रस्ताव वरचेवर येतात, कुत्रे फिरवणारे लोक खोली भरून टाकतात, आणि त्या तापलेल्या वातावरणात तुमच्या साध्या तारखेच्या बदलाकडेही लोक संशयाने बघायला लागतात. त्याची तयारी मनात ठेवा.

बैठकीच्या थोडं आधी खात्याचं विश्लेषण येतं. त्यात शिफारस असते: मंजूर करा, करू नका, दुरुस्त करून घ्या, किंवा तटस्थ. "तटस्थ" बघून हातपाय गाळू नका, लोकांनी आपसात वाटून घ्यायचा प्रश्न असेल तर खातं बहुतेक वेळा तटस्थच राहतं.

लेखी मतं पाठवायची शेवटची तारीख बैठकीच्या साधारण दोन आठवडे आधी असते. एकाच मजकुराच्या पन्नास कॉपी पाठवण्यात काही राम नाही. पाच वेगवेगळ्या ट्रॅपरांनी आपापल्या लाइनवरचं आपापल्या शब्दांत लिहिलेलं जास्त वाचलं जातं.

टप्पा ९: बैठकीत बोलणं

नाव नोंदवायचं, पाळी आली की माइकपुढे. मिळतात मोजकी मिनिटं, बहुतेक ३ ते ५, दिवे लावलेले असतात, लाल लागला की संपलं. कमिटीच्या प्रतिनिधीला जास्त वेळ मिळतो, तुमच्या कमिटीतून कोणी येणार असेल तर मुद्दे वाटून घ्या, दोघांनी तेच बोलू नका.

पहिल्या वाक्यात नाव, कुठल्या युनिटमध्ये किती वर्षं लाइन, प्रस्ताव नंबर, बाजूने की विरोधात. मग एकच कारण, एकच आकडा, आणि थांबा. उरलेला वेळ सोडून द्या. खरं काम त्यानंतर सुरू होतं, कारण मग सभासद प्रश्न विचारतात आणि प्रश्नोत्तरांना तुमची मिनिटं लागू नसतात. आपली मंडळी इथं एक चूक हमखास करतात, घाईघाईत सगळं बोलून टाकायचं म्हणून राजधानी एक्स्प्रेस सुटल्यासारखं बोलतात, आधीच उच्चार त्यांना नवीन, त्यात हा वेग. घरी मोबाइलवर टाइम लावून तीनदा मोठ्याने म्हणा. तीन मिनिटांत साधारण साडेतीनशे शब्द जातात, त्याहून जास्त लिहिलंच असेल तर कापा.

प्रश्नाचं उत्तर माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. एकदा ठोकून दिलेला आकडा खात्याच्या माणसाने तिथल्या तिथं खोडला की तुमचे खरे आकडेही गेले.

टप्पा १०: दुरुस्तीचा कागद खिशात ठेवा

हे कोणी सांगत नाही. बोलणं संपलं, लोक घरी जातात, आणि सभासद दोन दिवसांनी चर्चेला बसतात तेव्हा कोणीतरी म्हणतो, १५ मार्च जास्त होतंय, काही मधलं आहे का? खोलीत तुम्ही नसाल तर मधलं काहीच नसतं.

म्हणून आधीच ठरवा की तुम्ही कुठपर्यंत मागे यायला तयार आहात. पूर्ण युनिटऐवजी एक उपभाग? मार्चमध्ये फक्त फासात अडकलेला कोल्हा ठेवता येईल, पण कोल्ह्यासाठी मुद्दाम सेट लावायचा नाही, असं? (हे ऐकायला छान, पण सेट कोल्ह्यासाठी होता की लिंक्ससाठी हे ट्रूपर कसा ठरवणार, ते आधी सोडवा.) तीन वर्षांपुरता बदल, मग परत आढावा? जे पटेल ते त्याच पद्धतीने नियमाच्या एका वाक्यात लिहून, छापून, बैठकीतल्या स्टाफकडे द्या. त्याला नंबर पडतो, त्याला रेकॉर्ड कॉपी म्हणतात, आणि तो सगळ्या सभासदांपुढे जातो. शक्य असेल तर चर्चा संपेपर्यंत खोलीत बसून राहा, थर्मास भरून न्या.

मंजुरीला ४ मतं लागतात. हे ७ पैकी ४ आहे, हजर असलेल्यांच्या निम्म्याहून जास्त असं नाही. एखादा सभासद आजारी असला नि ३ विरुद्ध ३ झालं तर प्रस्ताव पडला. ३ विरुद्ध २ झालं तरी पडला.

सावध: निकालात "नो अ‍ॅक्शन" दिसलं तर लगेच हरलो समजू नका. बरेचदा त्याचा अर्थ असा असतो की त्याच विषयावर दुसऱ्या नंबरखाली निर्णय आधीच झालाय. तो नंबर काढून वाचा, कदाचित तुम्हाला हवं तेच तिथं झालेलं असेल.

टप्पा ११: मंजूर झालं, तरी नव्या तारखांना सापळा लावू नका अजून

मत पडलं म्हणजे नियम बदलला असं नाही. मजकूर वकिलांकडून तपासून लेफ्टनंट गव्हर्नरच्या कार्यालयात दाखल व्हावा लागतो आणि मग ठरलेल्या तारखेला, बहुतेक १ जुलैला, लागू होतो. फेब्रुवारीत बैठकीत मंजूर झालं आणि गडी त्याच मार्चमध्ये जुन्या सीझननंतर कोल्हे धरत राहिला, असं होऊ शकतं, आणि मग चलन, कातडी जप्त, वर गावात नाचक्की.

उन्हाळ्यात नवी पुस्तिका आली की तुमची ओळ कोडमधल्या ओळीशी ताडून बघा, सारांशात चूक राहू शकते. आणि वाढलेल्या सीझनमधलं एखादं छान कातडं देशात आईबाबांना भेट म्हणून पाठवायचा विचार असेल तर तो सोडा, भारताने जानेवारी २०१७ पासून कोल्ह्याच्या फरच्या कातड्यांची आयात बंद केलीय.

पडला असेल तर त्या प्रस्तावावरची चर्चा रेकॉर्डिंगमध्ये ऐका. बोर्डाच्या बैठकांचं ऑडिओ ठेवलेलं असतं. कोणत्या सभासदाने कुठल्या कारणाने नाही म्हटलं ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या आणि त्या कारणाचं उत्तर देता येईल अशा नोंदी येत्या नोव्हेंबरपासून वहीत सुरू करा, पुढची पाळी येईपर्यंत तीन हिवाळ्यांची वही तयार होते.